डोळा बघून छाटा: घरच्या गुलाबाची ऑक्टोबर छाटणी आणि वर्षभराची निगा

दसरा जवळ आला की आमच्या सोसायटीत कुणी ना कुणी विचारतंच, “ताई, झाडाला अजून कळ्या आहेत, मग कापायचं कशाला?” कळ्या असतातच. आपल्याकडचा गुलाब कधी पुरता थांबत नाही. युरोपात किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडे तो हिवाळ्यात पाने टाकून निजतो, थंडी ओसरता ओसरता फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची छाटणी होते आणि वसंतात तो एकदम फुटतो. पुण्यात, नाशिकला, नागपूरला त्याला अशी झोप मिळत नाही. पावसाळाभर झाड उंच आणि विरळ होत जाते, खालची पाने काळ्या ठिपक्यांनी गळून जातात, आणि कळ्या येतात त्या उदबत्तीएवढ्या बारीक काड्यांवर. असे फूल लहान होते आणि दोन दिवसांत झडते. तेच झाड ऑक्टोबरात नीट छाटले, तर डिसेंबरात तळहातात न मावणारे फूल देते.

परदेशी पुस्तके आणि व्हिडिओ बघून छाटणारे बरेच जण इथे फसतात. त्या देशांत गुडघ्याच्याही खाली, वीतभर ठेवून छाटतात, कारण झाडाने आपला सगळा साठा थंडीआधी मुळांत आणि खोडात नेऊन ठेवलेला असतो. आपल्या झाडाला तेवढी उसंत मिळत नाही. त्याचा बराच साठा काड्यांमध्येच असतो. म्हणून आपल्याकडे लाकूड जास्त राखायचे.

छाटणीने नेमके होते काय, हे एकदा कळले की कात्री कुठे लावायची हे विचारावे लागत नाही. काडीच्या शेंड्यावरचा डोळा, म्हणजे नवा फुटवा जिथून निघतो तो बारीक उंचवटा, एक संप्रेरक तयार करतो, त्याला ऑक्सिन म्हणतात. ते खाली झिरपत राहते आणि खालच्या डोळ्यांना दाबून ठेवते. शेंडा कापला की तो दाब जातो आणि कापाच्या लगेच खालचा डोळा सर्वांत आधी जागा होतो. तुम्ही जिथे कापता तिथून फांदी फुटते आणि डोळ्याचे तोंड जिकडे असेल तिकडे ती वाढते. मला छाटणी शिकवणारे माळीबाबा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, “ताई, फांदीकडे बघू नका, डोळ्याकडे बघा.” या लेखातले बाकी सगळे त्या एका वाक्याभोवती आहे.

केव्हा छाटायचे

परतीचा पाऊस गेल्यावर. कॅलेंडरपेक्षा आभाळ महत्त्वाचे. पुणे, नाशिक, नगर भागात साधारण ऑक्टोबरचा दुसरा-तिसरा आठवडा, कोकणात आणि गोव्यात महिन्याची अखेर, विदर्भात दसरा-दिवाळीच्या मधले दिवस. दिवाळी उलटून गेली तरी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत छाटायला हरकत नाही, फुले तेवढी उशिरा येतील. द्राक्षवाल्यांची गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणीसुद्धा याच सुमारास सुरू असते, आणि पाऊस परत आला की त्यांचाही जीव टांगणीला लागतो.

माझी दुसऱ्या वर्षीची छाटणी मी सप्टेंबरच्या शेवटी उरकली होती. चार दिवस कडक ऊन पडले होते, पाऊस गेला असे वाटले. पाचव्या दिवशी सरी सुरू झाल्या त्या आठवडाभर. कापलेल्या तोंडांत पाणी मुरले, काड्या वरून काळ्या पडत खाली आल्या आणि ११ झाडांपैकी ६ झाडे कलमाच्या जोडापर्यंत वाळून गेली. यालाच डायबॅक म्हणतात, शेंड्याकडून खोडाकडे सरकणारी मर. छाटणीनंतर झाड मरते ते बहुधा याच रोगाने. तेव्हापासून सलग आठ-दहा दिवस कोरडे गेल्याशिवाय मी सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, बाहेर काढत नाही.

फुले ठरावीक दिवशी हवी असतील तर उलटे मोजा. हायब्रीड टी गुलाब (एका दांड्यावर एक मोठे फूल येणारा) छाटणीपासून सहा ते सात आठवड्यांत फुलतो. भरगच्च पाकळ्यांच्या जाती आठवडाभर जास्त घेतात आणि थंडी वाढली की आणखी चार-पाच दिवस जातात. नाताळात फुले हवीत तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात छाटा. २६ जानेवारीला हवीत तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. मावळातले पॉलिहाऊसवाले हेच गणित मांडून डिसेंबरात झाडे धरतात आणि व्हॅलेंटाइन डेच्या बाजारासाठी जानेवारीच्या शेवटी फुले तोडायला लागतात. घरी १०-१२ झाडे असतील तर सगळी एका दिवशी छाटू नका. आठवड्याच्या अंतराने तीन-चार, तीन-चार झाडे घेतली की घरात महिनाभर फुले राहतात.

आधीची तयारी

सिकेटर असा हवा, ज्याची दोन पाती कात्रीसारखी एकमेकांवरून सरकतात. एक पाते सपाट पट्टीवर आपटणारा सिकेटर काडी चिरडतो, आणि चिरडलेल्या तोंडातून बुरशी सहज आत जाते. धार लावून घ्या. जाड जुन्या खोडासाठी छोटी वक्र करवत लागेल. कोपरापर्यंत येणारे जाड हातमोजे घाला, काटा खोल गेला की दोन दिवस ठणकतो. शिवाय स्पिरिटची बाटली आणि एक फडके जवळ ठेवा. प्रत्येक झाड संपले की पाती पुसायची. रोगट काडी कापली असेल तर लगेच पुसायची.

जमिनीतल्या झाडांचे पाणी छाटणीआधी आठ-दहा दिवस तोडा. कुंडीला इतका ताण सोसत नाही, तिथे तीन-चार दिवस पाणी निम्म्यावर आणले तरी पुरे. ताण दिला की वाढ मंदावते, कोवळे शेंडे थांबतात, आणि छाटणीनंतर पाणी-खत मिळाले की सगळे डोळे एकदम फुटतात. जुने बागवान याच्याही पुढे जाऊन माती उकरून मुळे आठवडाभर उघडी ठेवत. भारी काळ्या जमिनीत, जिथे ओल धरून राहते, तिथे त्याला अर्थ होता. कुंडीत किंवा हलक्या मुरमाड जमिनीत तसे करू नका. मुळे करपतात, फायदा काही होत नाही.

एक झाड, पहिल्या कापापासून

आमच्या दारातल्या ग्लॅडिएटरचे उदाहरण घेते. लाल, लांब दांड्याचा हा गुलाब आपल्या भागात खूप जणांकडे असतो. गेल्या ऑक्टोबरात तो माझ्या खांद्याला लागत होता. खालचा दीड-दोन फूट भाग उघडा, वर झुबका. जमिनीपासून निघालेल्या नऊ काड्या मी आधी मोजल्या आणि पाच मिनिटे नुसती खाली बसून बघत राहिले. गुलाब छाटताना उभे राहू नये, वरून झुबका तेवढा दिसतो. पाटावर बसले की झाडाचा सांगाडा दिसतो.

पहिल्यांदा काढले ते मेलेले. वाळलेली काडी तपकिरी-करडी असते, नखाने साल खरवडली तर खाली हिरवा रंग दिसत नाही. अशा दोन काड्या होत्या. एक तर बुडापासून गेली. दुसरी अर्धी हिरवी होती, म्हणून वरून थोडी थोडी कापत खाली आले. प्रत्येक कापानंतर तोंडाकडे बघायचे. मधला गाभा तपकिरी असेल तर रोग अजून खाली आहे, आणखी दोन बोटे खाली कापा. गाभा पांढरा किंवा फिकट हिरवट दिसला की थांबा. मला तीनदा कापावे लागले, मग सोललेल्या काकडीसारखा स्वच्छ गाभा दिसला.

दुसरे, खुंटाचे फुटवे. आपण आणतो ते झाड बहुधा रानगुलाबाच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकट बुंध्यावर, चांगल्या जातीचा डोळा बसवून केलेले असते. खुंट स्वतः फुटला तर तो चांगल्या जातीचे अन्न खातो आणि दोन-तीन वर्षांत तिला संपवतो. लोक म्हणतात, “आमच्या लाल गुलाबाला आता बारीक फिकट फुलांचे घोस येतात.” गुलाब बदललेला नसतो, वरचे कलम मरून खालचा खुंट वाढलेला असतो. सात पानांची डहाळी म्हणजे खुंट, असे सर्रास सांगितले जाते. पण चांगल्या जातींच्या जोमदार फांद्यांवरही सात पाने येतात, त्या खुणेवर विसंबून मी एकदा चांगली फांदी घालवली आहे. खात्रीची खूण म्हणजे फुटवा कुठून निघतो ती जागा. माती थोडी बाजूला करा, खोडावर गाठीसारखा कलमाचा जोड दिसेल. जोडाच्या खालून निघाला तो खुंटाचा. तो सिकेटरने कापू नका, तिथले उरलेले डोळे पुन्हा फुटतात. अंगठ्याने खाली दाबून मुळाशी ओढून उपटा. जोडाच्या वरून, गाठीतूनच निघालेला लालसर, जाड, रसरशीत फुटवा मात्र सोने आहे. तो तळफुटवा, पुढच्या तीन-चार वर्षांचे झाड त्याच्यावर उभे राहणार असते.

तिसरे, पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या. सगळ्या काढल्या. बारीक काडीला बारीकच फूल येते. चौथे, एकमेकींवर घासणाऱ्या आणि झाडाच्या पोटात वाढणाऱ्या. दोघी घासत असतील तर जी बाहेर झुकते आहे ती ठेवायची. झाड आतून मोकळे, वाटीसारखे हवे. हवा खेळली की पाने लवकर वाळतात आणि रोगाला वाव कमी राहतो.

एवढे झाल्यावर नवातल्या पाच काड्या उरल्या. त्यांतली एक चार वर्षांची, साल खरखरीत, बुडाशी फाटलेली. ती ठेवावी की काढावी यात मी बराच वेळ घालवला. गाठीतून एक नवा तळफुटवा येत होता, म्हणून जुनी करवतीने जोडाला लागून काढली. नवा फुटवा नसता तर ठेवली असती. दरवर्षी एक जुनी जाते, एक नवी येते, अशाने झाड १५ वर्षेही तरुण राहते.

आता उंची. राहिलेल्या काड्या जमिनीपासून साधारण दीड ते दोन फुटांवर, म्हणजे ४५ ते ६० सेंटिमीटरवर कापायच्या. पण पट्टी लावून एका रेषेत नाही. त्या उंचीच्या आसपास बाहेरच्या दिशेला तोंड असलेला डोळा शोधा. पान गळलेले असेल तिथे चंद्रकोरीसारखी खूण असते, तिच्या लगेच वर मोहरीएवढा लालसर उंचवटा, तोच डोळा. त्याच्या वर अर्धा सेंटिमीटर सोडून तिरका काप घ्यायचा. उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे पाण्याचा थेंब डोळ्यावर ओघळणार नाही. फार जवळ कापले तर डोळा वाळतो. फार वर कापले तर वरचा ठोंब वाळून काळा पडतो आणि डायबॅक तिथूनच शिरतो. माझ्या ग्लॅडिएटरच्या एका काडीवर दोन फुटांवर आतला डोळा होता आणि बाहेरचा चार बोटे खाली. मी खाली गेले. उंची थोडी कमी-जास्त झालेली चालते, दिशा चुकलेली चालत नाही.

उरलेली पाने? मी ती हाताने खुडून टाकते. त्यांवर काळे ठिपके असतात आणि नव्या पालवीला लागण तिथूनच होते. खाली पडलेले एकूण एक पान उचला. कंपोस्टमध्ये टाकू नका.

जातीप्रमाणे फरक

हायब्रीड टी, म्हणजे एका दांड्यावर एक मोठे फूल, त्याची पद्धत वर आलीच. पण सगळ्या जाती सारखे कापणे सोसत नाहीत. पीस या पिवळ्या-गुलाबी जातीला खोल छाटणी मानवत नाही, तिला अडीच फुटांवर ठेवा. क्वीन एलिझाबेथ मुळात उंच वाढते, तिला दीड फुटांवर आणण्याचा हट्ट करू नका. डबल डिलाइटची वाढ बेताची, म्हणून हात राखून.

आइसबर्ग, समर स्नो यांसारखे घोसाने फुलणारे फ्लोरिबंडा गुलाब हलके छाटायचे. एकतृतीयांश उंची कमी करा, सहा-आठ काड्या राहू द्या. मिनिएचर गुलाबात डोळे शोधत बसायची गरज नाही. मेलेले काढून उरलेले झाड निम्म्यावर आणा.

वेली गुलाबाची फार नासाडी होते. तो बुडापासून छाटला तर पुढचे वर्षभर नुसती पाने. त्याच्या लांब काड्या कापायच्याच नाहीत. त्या जाळीवर किंवा कठड्यावर जमतील तितक्या आडव्या करून बांधायच्या. काडी आडवी झाली की शेंड्याचा दाब सैल पडतो आणि तिच्या लांबीभर डोळे फुटतात. कापायच्या त्या तिच्या अंगावरच्या आखूड फांद्या, दोन-तीन डोळे ठेवून.

आणि गुलकंदाचा गावठी गुलाब. तो बहुतेक वेळा स्वतःच्या मुळांवर असतो, त्यामुळे बुडातून येणारा प्रत्येक फुटवा त्याचाच. झाडोरा फार झाला तर जुन्या काड्या मुळाशी काढा, नव्या ठेवा, शेंडे वीतभर खुडा. एवढ्यानेही तो भरभरून फुलतो.

छाटल्यानंतरचा तास आणि नंतरचा आठवडा

कापलेली तोंडे त्याच दिवशी बंद करा, उद्यावर टाकू नका. शेतकरी बोर्डो पेस्ट लावतात: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. घरी इतकी लागत नाही. कॉपर ऑक्सिक्लोराइडची पावडर चमचाभर घेऊन थोड्या पाण्यात दाट कालवा आणि जुन्या रंगाच्या ब्रशने तोंडांवर लावा. हळद लावणारेही बरेच आहेत, मी औषधच लावते. मग हीच पावडर लिटरला अडीच ते तीन ग्रॅम घेऊन सगळ्या काड्यांवर आणि भोवतीच्या मातीवर फवारते. या वेळी झाड उघडे असते, कोवळे काही नसते, म्हणून ताम्र औषधाचा त्रास होत नाही.

काड्यांवर पांढरट किंवा लालसर खवले चिकटलेले दिसले तर ते काढायची हीच वेळ आहे. खवले कीड एरवी पानांआड लपते. जुना टूथब्रश स्पिरिटमध्ये बुडवून घासून काढा.

आता माती. आळ्यातली दोन-तीन इंच माती खुरप्याने हलकी करा, खोल जाऊ नका, गुलाबाची अन्न घेणारी मुळे वरच असतात. जमिनीतल्या झाडाला एक लहान घमेले, म्हणजे चार-पाच किलो चांगले कुजलेले शेणखत आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड. १२ इंची कुंडीला दोन ओंजळी शेणखत आणि मूठभर पेंड. शेणखत हातात घेतल्यावर वास येता कामा नये आणि ते गरम लागता कामा नये. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी येते. बोनमीलचा (हाडांच्या चुऱ्याचा) सल्ला सगळे देतात. लाल मातीच्या कुंडीत ते ठीक आहे, पण चुनखडीच्या काळ्या जमिनीत त्यातले स्फुरद (फॉस्फरस) झाडाला जवळजवळ मिळतच नाही, तिथे पैसे घालवू नका.

खत घातल्यावर भरपूर पाणी द्या आणि मग हात आवरा. पाने नाहीत, म्हणजे झाड पाणी फारसे ओढत नाही. रोज पाणी घातले तर मुळे कुजतात. वाफसा बघून, बोटभर खोल माती कोरडी लागली की द्या. मातीवर पालापाचोळा किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन घाला, पण खोडाला चिकटवू नका. कलमाचा जोड आपल्याकडे नेहमी मातीच्या दोन बोटे वर दिसला पाहिजे. जोड मातीत गाडायचा सल्ला बर्फाच्या देशांतला आहे. नर्सरीतून आणलेले झाडही लावताना हेच बघा, आणि लाल मातीचा घट्ट गोळा असेल तर तो पाण्यात भिजवून कडेने सैल करून लावा.

कुंडी बदलायची असेल तर तीही याच दिवशी. दोन-तीन वर्षांनी झाड काढून गोळ्याच्या कडेची आणि तळाची मुळे दोन बोटे छाटा, ताज्या मातीत परत लावा, आठवडाभर अर्धवट सावलीत ठेवा. हायब्रीड टीला १२ ते १४ इंचांपेक्षा लहान कुंडी नको. आणि जागा अशी, जिथे सहा तास ऊन येते, त्यातही सकाळचे. हे नसेल तर बाकी सगळे व्यर्थ आहे.

फूल येईपर्यंत

आठवड्याभरात डोळे फुगून लाल होतात. दोन आठवड्यांत लालसर पालवी. एका जागी दोन-तीन कोंब आले तर मधला जोमदार ठेवून बाजूचे अंगठ्याने मोडा. आत वळलेला कोंबही आताच मोडा. फुटवे वीतभर झाले की खत सुरू करा: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेले विद्राव्य खत) लिटरला दोन ग्रॅम, दर १०-१२ दिवसांनी, आधी साधे पाणी देऊन मग. रासायनिक नको असेल तर मूठभर शेंगदाणा पेंड दोन लिटर पाण्यात चार दिवस भिजवा, वरचे पाणी दहापट पातळ करून घाला. वास येतो, गच्चीतल्या शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. महिन्याभराने वाटाण्याएवढी कळी दिसू लागते. तेव्हा नत्र कमी करून १३:०:४५ (पालाश जास्त असलेले खत) लिटरला दोन ग्रॅम द्या. मोठे फूल हवे असेल तर मधल्या कळीच्या बगलेतल्या छोट्या कळ्या याच वेळी खुडायच्या. फ्लोरिबंडात उलट मधली पहिली कळी काढली तर बाकीचा घोस एकदम फुलतो.

पुण्याकडच्या अनेक बागांत नवी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. जमिनीत लोह असते, पण चुनखडीमुळे झाडाला घेता येत नाही. चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातले) पाकिटावरच्या प्रमाणात फवारा किंवा मातीतून द्या, दोन आठवड्यांत रंग फिरतो. आधी खालची जुनी पाने पिवळी पडत असतील तर कारण वेगळे, बहुधा पाणी जास्त झालेले असते.

एखादा फुटवा छान वाढतो आणि शेंड्याला कळीच येत नाही. त्याला वांझ फुटवा म्हणतात. वाट बघू नका, निम्म्यावर, बाहेरच्या डोळ्यावर कापा, पुढचा फुटवा कळी घेऊन येतो.

फूल कापणे हीसुद्धा छाटणीच आहे. सुकलेले फूल नुसते मानेत मोडले तर खालून बारीक काडी फुटते. फुलापासून खाली या, तीन पानांच्या डहाळ्या सोडा, पाच पानांची पहिली किंवा दुसरी डहाळी बाहेर तोंड करून असेल तिच्या वर कापा. नव्या, लहान झाडावरून मात्र लांब दांडे तोडू नका. पाने तोडली म्हणजे त्याचे अन्न तोडले.

रोग, किडी आणि ओळखीतल्या चुका

काळे ठिपके पावसाळ्यात येतात. या बुरशीला रुजायला पान सात-आठ तास ओले राहावे लागते. म्हणून पाणी सकाळी आणि मुळाशी द्या. संध्याकाळी पानांवर फवारा मारणे म्हणजे रोगाला आमंत्रण. लागण झाली तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम, पावसाळ्यात उघडीप बघून. भुरी अगदी वेगळी. तिला ओले पान लागत नाही. दिवस उबदार, रात्री थंड आणि दमट असल्या की डिसेंबर-जानेवारीत कोवळ्या पानांवर आणि कळ्यांच्या मानेवर पिठूळ थर येतो, पाने वळतात. विद्राव्य गंधक लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी. पारा ३२-३३ अंशांवर गेला की गंधक मारू नका, पाने भाजतात, आणि नीम तेल मारल्यावर तीन आठवडे तरी गंधक नाही. कुठलेही औषध असो, मोजे आणि मास्क घालूनच फवारा, आणि त्या झाडाच्या पाकळ्या गुलकंदाला वापरू नका. खाण्यासाठीचे झाड वेगळेच ठेवा.

मावा कळ्यांवर दाटीने बसतो. आधी पाण्याचा जोरदार फवारा, तेवढ्याने तीन दिवसांत निम्मा संपतो. उरला तर नीम तेल लिटरला पाच मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात. फेब्रुवारीनंतर फुलकिडे येतात, कळी उमलताना पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात. अशा कळ्या तोडून पिशवीत बंद करून टाकणे हाच खरा उपाय. मार्च-एप्रिलमध्ये पाने निस्तेज, ठिपकेदार आणि खालून बारीक जाळे दिसले तर लाल कोळी. त्याला कोरडेपणा आवडतो, पानांच्या खालून पाणी मारत राहा. हे काम सकाळी, म्हणजे दिवसभरात पाने वाळतात. पहिल्या पावसानंतर रात्री भुंगेरे पाने कुरतडतात, ते बॅटरी घेऊन हाताने वेचलेले बरे.

आणि पानाच्या कडेला कुणी बांगडीने आखल्यासारखे गोल तुकडे कापलेले दिसले तर फवारणी करू नका. ती पाने कापणारी मधमाशी, तिला घरट्याला अस्तर हवे असते. झाडाचे काही बिघडत नाही. माझ्या आइसबर्गवर ती दर वर्षी येते, काप इतका नेटका असतो की मी तशी पाने मुद्दाम राखते.

उन्हाळा आणि पावसाळा

मार्चनंतर फूल लहान होणारच, त्यासाठी खत वाढवू नका. एप्रिल-मेमध्ये खत जवळजवळ बंद, पाणी रोज, कुंडीला गरज पडली तर दोन वेळा. गच्चीवर दुपारच्या उन्हासाठी हिरवी जाळी लावा आणि कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, म्हणजे त्यांच्या कडा तापत नाहीत. विदर्भात याशिवाय झाड टिकत नाही.

मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला, पाऊस धरण्याआधी, हलकी छाटणी. फक्त शेंड्याकडचा चौथा हिस्सा, मेलेले आणि बारीक काढायचे. खोल छाटायची वेळ ही नाही. कोकणात मी तर याही वेळी कापायला सांगणार नाही. तिथे कुंड्या पागोळीखालून हलवून छपराखाली घ्या, आणि जमिनीतल्या झाडाचे आळे मोडून मातीचा उंचवटा करा, म्हणजे बुडाशी पाणी थांबणार नाही.

ऑगस्टमध्ये झाड नागडे दिसू लागले, पाने गळाली, तरी घाबरून काड्या कापू नका. नखाने साल खरवडून बघा. खाली हिरवे असेल तर ती काडी जिवंत आहे, तिचे डोळे शाबूत आहेत, आणि ऑक्टोबरात कापायला तुम्हाला तीच काडी लागणार आहे.